विश्लेषण : बालेवाडीतली एक पेनल्टी, सरीना बोल्डेन आणि बीडमध्ये अडलेली ‘फॉरवर्ड’

३० जानेवारी २०२२. पुण्यातलं बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल. महिलांच्या आशिया चषक फुटबॉल स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी, समोरासमोर फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई. जिंकणारा संघ थेट विश्वचषकात जाणार होता. कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे हजारो खुर्च्या रिकाम्या. अतिरिक्त वेळेनंतरही १-१ अशी बरोबरी राहिली आणि निकाल पेनल्टी शूटआऊटवर गेला. शेवटची निर्णायक पेनल्टी घ्यायला पुढे आली २५ वर्षांची फॉरवर्ड सरीना बोल्डेन. तिने चेंडू जाळ्यात मारला आणि फिलिपिन्स ४-३ असं जिंकलं. त्या देशाचा पुरुषांचा किंवा महिलांचा कोणताही वरिष्ठ संघ त्याआधी कधीही फुटबॉलच्या विश्वचषकापर्यंत पोहोचला नव्हता.

बीडहून पुणं साधारण अडीचशे किलोमीटर. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी पुण्यात कामाला आहे. तरीही एका देशाचा फुटबॉलचा इतिहास तिथे बदलला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. ही गोष्ट आज सांगायचं कारण म्हणजे त्याच स्पर्धेत भारतही होता. आणि स्पर्धा सुरू होताना जागतिक क्रमवारीत भारत फिलिपिन्सच्या पुढे होता.

बालेवाडीत त्या दिवशी काय घडलं?

फिलिपिन्सकडून क्विन्ली केझाडाने ४८व्या मिनिटाला गोल केला. आता जिंकलोच असं वाटत असताना ८२व्या मिनिटाला तैपेईने बरोबरी साधली. शूटआऊटमध्ये गोलकीपर ऑलिव्हिया मॅकडॅनियलने दोन पेनल्टी अडवल्या आणि स्वतः एक मारलीही. गोलकीपरने पेनल्टी घेणं हे दृश्य तसं विरळाच. तिची धाकटी बहीण चँडलर हीसुद्धा याच संघातली फॉरवर्ड. गटातल्या पहिल्या सामन्यात थायलंडविरुद्धचा एकमेव गोल तिचाच होता. थायलंड म्हणजे आधीचे दोन विश्वचषक खेळलेला संघ, त्यामुळे त्या १-० चं मोल मोठं होतं. पुढे ऑस्ट्रेलियाकडून ०-४ असा मार खाल्ला, इंडोनेशियाला ६-० असं हरवलं, आणि संघ बालेवाडीत पोहोचला.

ऑस्ट्रेलियाचे अॅलन स्टॅइचिच २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये या संघाचे प्रशिक्षक झाले होते. म्हणजे विश्वचषकाचं तिकीट त्यांच्या हाती पडलं ते जेमतेम चार महिन्यांत. चार महिन्यांत कुणी खेळाडू घडवू शकत नाही. खेळाडू आधीच तयार होत्या. त्यांना शोधून, एका शिबिरात एकत्र ठेवून त्यांचा संघ बांधणं एवढंच काम उरलं होतं. हे तयार खेळाडू आले कुठून, ही या गोष्टीची किल्ली आहे.

सरीना बोल्डेन कोण?

सरीनाचा जन्म ३० जून १९९६ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातला. आई फिलिपिनो. शाळेपासून फुटबॉल, मग लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाकडून खेळणं. अमेरिकेत मुलींच्या फुटबॉलला विद्यापीठांत शिष्यवृत्त्या आहेत, पूर्णवेळ प्रशिक्षक आहेत, मैदानं आहेत. तिथली स्पर्धा इतकी तीव्र की चांगल्यातली चांगली मुलगीही अमेरिकेच्या राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचेलच असं नाही. पण आईच्या देशाला अशाच मुलींची गरज होती.

२०१८ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, ती जॉर्डनमधल्या आशिया चषकात फिलिपिन्सकडून उतरली. तेव्हाही विश्वचषक एका सामन्यावर आला होता. पाचव्या क्रमांकासाठीच्या लढतीत दक्षिण कोरियाने ५-० असं हरवलं आणि २०१९ चा विश्वचषक हुकला. त्यानंतर बालेवाडीपर्यंत पावणेचार वर्षं गेली. या काळात ती अमेरिकेबाहेर व्यावसायिक फुटबॉल खेळू लागली होती. जपानमध्ये सैतामाच्या एल्फेन संघाकडून, पुढे ऑस्ट्रेलियात वेस्टर्न सिडनी वाँडरर्स आणि न्यूकॅसल जेट्सकडून. या मुलीचं करिअर नकाशावर मांडलं तर सगळा प्रशांत महासागर लागतो.

फॉरवर्ड म्हणजे गोल करायची जबाबदारी असलेली पुढच्या फळीतली खेळाडू. बचावपटूचं काम नव्वद मिनिटं दिसतं. फॉरवर्ड मात्र तासभर रिकामी धावते, तिच्याकडे चेंडूच येत नाही, आणि अचानक एका सेकंदाची संधी येते. ती एका सेकंदाची सवय सरावातून थोडी येते आणि खऱ्या सामन्यांतून जास्त. ऑस्ट्रेलियाच्या महिला लीगमध्ये २०२३-२४ च्या हंगामात प्रत्येक संघाला साखळीत २२ सामने होते. त्याच हंगामात इंडियन विमेन्स लीगमध्ये प्रत्येक संघाच्या वाट्याला आले १२. प्रतिभेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवा. नुसती वजाबाकी केली तरी आपली फॉरवर्ड दर वर्षी १० सामन्यांनी मागे पडते, आणि पाच वर्षांत हा फरक ५० सामन्यांचा होतो.

आणि मग वेलिंग्टन

२५ जुलै २०२३, न्यूझीलंडची राजधानी. यजमान न्यूझीलंडने पहिल्याच सामन्यात नॉर्वेला हरवलेलं, घरचं मैदान, भरलेली गॅलरी. फिलिपिन्स आपला पहिला सामना स्वित्झर्लंडकडून ०-२ असा हरून आलेला. २४व्या मिनिटाला सारा एगेस्विकने चेंडू गोलसमोर टाकला, बचावपटूंच्या वर उडी घेत सरीनाने हेडर मारला आणि न्यूझीलंडच्या गोलकीपरच्या हाताला लागूनही चेंडू आत गेला. विश्वचषकाच्या इतिहासातला फिलिपिन्सचा हा पहिला गोल. दुसऱ्या सत्रात न्यूझीलंडच्या जॅकी हँडचा गोल व्हिडिओ तपासणीत ऑफसाइड ठरला, तर शेवटच्या मिनिटांत ऑलिव्हियाने पुन्हा एकदा गोल वाचवला. १-० असा विजय. पाच दिवसांनी नॉर्वेने ६-० असं धुऊन काढलं आणि फिलिपिन्सचा विश्वचषक संपला. पण एक सामना जिंकून. पहिल्याच विश्वचषकात तेवढंही अनेकांना जमत नाही.

फिलिपिन्स हा बास्केटबॉलवेडा देश. आपल्याकडे मोकळी जागा दिसली की तीन स्टंप उभे राहतात, तसं तिकडे गल्लोगल्ली बास्केट टांगलेलं असतं. अशा देशात फुटबॉल, त्यातही मुलींचा, काही आठवडे सगळ्यांच्या तोंडी आला.

त्याच स्पर्धेत भारताचं काय झालं?

आशिया चषकाचं यजमानपद भारताकडे होतं आणि सगळे सामने महाराष्ट्रात होते : नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं मैदान आणि बालेवाडी. २० जानेवारीला भारताने इराणशी ०-० बरोबरी केली. तोवर संघात कोरोना शिरला होता. २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध मैदानात उतरायला नियमानुसार किमान १३ खेळाडू हव्या होत्या आणि तेवढ्या उभ्याच राहिल्या नाहीत. आशियाई महासंघाने भारताने माघार घेतल्याचं ठरवलं, इराणविरुद्धचा सामनाही रद्दबातल केला. मायदेशातली स्पर्धा आणि विश्वचषकाचं स्वप्न, दोन्ही तीन दिवसांत संपलं.

आता ड्रॉचा तक्ता पाहा. भारताच्या गटात दुसऱ्या आलेल्या संघाची उपांत्यपूर्व लढत फिलिपिन्सशीच ठरलेली होती. भारत बाहेर पडल्यावर गटात तैपेई दुसरा आला आणि बालेवाडीत गेला. भारताने तैपेईला मागे टाकलंच असतं असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकणार नाही. पण ३० जानेवारीला बालेवाडीत भारत विरुद्ध फिलिपिन्स, जिंकणारा विश्वचषकात, हा सामना कागदावर शक्य होता. मला तरी हा तक्ता पाहून अजून चुटपुट लागते.

भारताने नंतर उभारी घेतली. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईमध्ये थायलंडला २-१ असं हरवून २०२६ च्या आशिया चषकाचं तिकीट मिळवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्याच पात्रता फेरीत ओडिशाची फॉरवर्ड प्यारी शाशा हिने मंगोलियाविरुद्ध एकटीने पाच गोल केले होते. म्हणजे गोल करणाऱ्या मुली या देशात आहेत. त्या कुठून येतात आणि कुठून येत नाहीत, हा प्रश्न आहे.

फिलिपिन्सची युक्ती आपण का वापरू शकत नाही?

फिलिपिन्सच्या विश्वचषक संघातल्या बहुसंख्य मुली अमेरिकेत जन्मलेल्या होत्या. वेलिंग्टनचा तो पास देणारी एगेस्विक नॉर्वेत वाढलेली. फिलिपिन्समध्येच घडलेल्या मुली संघात होत्या, पण कमी. हे शक्य झालं कारण त्या देशातले लाखो लोक कामासाठी परदेशी गेले : परिचारिका, खलाशी, घरकाम करणाऱ्या बायका. आई किंवा वडील फिलिपिनो असतील तर मूल जन्माने फिलिपिनो नागरिक मानलं जातं, आणि त्यासाठी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट सोडावा लागत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनाही मूळ नागरिकत्व परत मिळवता यावं म्हणून २००३ मध्ये तिथे स्वतंत्र कायदा झाला.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड असलेल्यांना इथे राहता येतं, काम करता येतं, पण भारताच्या जर्सीत खेळता येत नाही. त्यासाठी भारतीय पासपोर्टच लागतो. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये तिथलं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, तेव्हा कुठे त्याला पुरुषांच्या संघाची दारं उघडली. कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत वाढणाऱ्या एखाद्या मराठी मुलीने विद्यापीठाची शिष्यवृत्ती आणि अमेरिकेचा पासपोर्ट सोडून हे करावं, ही अपेक्षा अवघडच. हा नियम बरोबर की चूक, यावर मतं असू शकतात. परिणाम मात्र सरळ आहे : आपल्याला फॉरवर्ड हवी असेल तर ती इथल्याच एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून यावी लागेल.

मग बीडमध्ये अडतं कुठे?

बीडच्या मुलांच्या अंगात दम आहे हे आता कुणाला पटवून द्यायची गरज नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकलं. पण दोघांचे खेळ वैयक्तिक आहेत. साबळे आधी सैन्यात भरती झाला आणि धावणं गांभीर्याने सुरू झालं ते तिथे, विशी ओलांडल्यावर. आवारे पुण्याच्या तालमीत गेला. एकटा मुलगा एका बसमध्ये बसून जिल्ह्याबाहेर जाऊ शकतो. फुटबॉलला अकरा जणी लागतात, समोर आणखी अकरा लागतात, आणि त्या सगळ्या वर्षभर एका जागी राहाव्या लागतात. शिवाय चेंडूवरचा ताबा हा बारा-तेराव्या वर्षाआधी पायात मुरावा लागतो. तो विसाव्या वर्षी भरतीनंतर शिकवता येत नाही.

‘एका जागी’ हीच आपली अडचण आहे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासारच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि गाडी पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघते. फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा घरातली थोरली मुलगी असते. जी गावात आजीजवळ मागे राहते तिच्या अंगावर चूल, पाणी, जनावरं येतात. शाळेच्या संघात ऑगस्टमध्ये अकरा मुली असतील तर डिसेंबरात त्यातल्या किती उरतील, हे कुठलाही क्रीडाशिक्षक बोटांवर मोजून सांगेल.

फिलिपिन्सही कामासाठी घर सोडणाऱ्यांचा देश आणि बीडही तसाच जिल्हा. तिथे गेलेल्यांच्या मुली परक्या देशातल्या हिरव्या मैदानांवर वाढल्या, कारण आईवडील तिथे कायमचे स्थिरावले. आपलं स्थलांतर पाच-सहा महिन्यांचं, परत येणारं आणि पुन्हा जाणारं. त्यात मुलीला ना गावाची शाळा पूर्ण मिळते, ना कारखान्याच्या गावाची.

दुसरी अडचण त्याहून कठीण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीडमधल्या २० ते २४ वयाच्या महिलांपैकी सुमारे ४४ टक्के महिलांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा सुमारे २२ टक्के, म्हणजे आपला बरोबर दुप्पट. फडावर तरुण मुलीला घेऊन जायची भीती, मागे एकटी ठेवायची त्याहून मोठी भीती, आणि जोडप्याला कोयता मिळतो हे गणित, अशी कारणं एकात एक गुंतलेली आहेत. सरीना राष्ट्रीय संघातून पहिली मोठी स्पर्धा खेळली तेव्हा २१ वर्षांची होती, विश्वचषकात गोल केला तेव्हा २७ वर्षांची. फॉरवर्ड घडते ती चौदा ते एकवीस या वयात. आपल्याकडे नेमकी हीच वर्षं मुलीच्या हातून काढून घेतली जातात.

जवळच घडलेलं एक उदाहरण

नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडली की तेलंगणातला निजामाबाद जिल्हा लागतो. तिथल्या एका तांड्यावरची सौम्या गुगुलोथ आज भारतीय संघाची फॉरवर्ड आहे. २०२२ मध्ये ती क्रोएशियातल्या दिनामो झाग्रेब या क्लबकडे गेली, तिच्याबरोबर मध्य प्रदेशची ज्योती चौहानही होती. परत आल्यावर २०२४-२५ मध्ये इंडियन विमेन्स लीग जिंकणाऱ्या ईस्ट बंगालकडून ती खेळली. बंजारा समाजाचे तांडे बीडमध्येही आहेत आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांत तांड्यांवरची कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. भाषा, जमीन, पाऊसपाणी यांत निजामाबाद आणि मराठवाडा फार दूर नाहीत. त्यामुळे ‘आपल्या भागात हे होत नाही’ असं म्हणायला जागा उरत नाही.

महाराष्ट्राचं म्हणाल, तर २०२४-२५ च्या त्या लीगमधल्या आठ संघांत आपल्या राज्यातला एकही नव्हता. पुण्याची काजोल डिसूझा २०२२ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळली. त्या स्पर्धेचा अंतिम सामनाही नवी मुंबईतच झाला होता. आणि गंमत अशी की महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई यांचं नाव आहे. नाव आपल्या सिंदखेडराजाच्या लेकीचं. पण ही स्पर्धा सर्वाधिक, वीसहून अधिक वेळा जिंकली आहे मणिपूरने.

काय करता येईल?

माझ्या मते सुरुवात मैदानापासून करण्यापेक्षा वसतिगृहापासून करायला हवी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना आहे आणि त्यात मुलींची वेगळी वसतिगृहं आहेत. त्यांच्या संख्येबद्दल आणि सोयींबद्दल तक्रारी आहेतच. पण ऐन हिवाळ्यात, गाव रिकामं झालेलं असताना, अकराहून जास्त मुली एका छताखाली सापडतील अशी या जिल्ह्यातली हीच जागा आहे. फुटबॉलला लागतो एक चेंडू, चार दगड आणि संध्याकाळचा एक तास. आठवड्यातून तीन दिवस येणारा एक प्रशिक्षक मिळाला तर अंगणातला संघ तयार होतो. क्रीडा विभाग आणि सामाजिक न्याय विभाग यांनी एकमेकांच्या फायलीवर सही करण्याइतकं हे सोपं आहे आणि सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना ठाऊक आहे की ते तेवढंच अवघडही आहे.

तोवर पालकांसाठी थोडी माहिती. शालेय फुटबॉल स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, मुलींसाठी वेगळ्या. संघाची नोंदणी शाळेमार्फत होते आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय स्पर्धा भरवतं. सुब्रतो मुखर्जी चषकात १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे आणि त्याची जिल्हास्तर फेरी साधारण पावसाळ्यात असते, म्हणजे आईवडील गावातच असतात तेव्हा. ठरावीक स्तरापर्यंत खेळलेल्या मुलींना दहावी-बारावीला सवलतीचे वाढीव गुण मिळतात, त्यासाठी प्रमाणपत्र जपून ठेवावं आणि शाळेतून अर्ज वेळेत जातोय ना हे पाहावं. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्पर्धेतलं कितवं स्थान चालतं याची यादी क्रीडा कार्यालयात विचारता येते. शाळेत मुलींचा संघच नसेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा. आणि हे जूनमध्येच करा. मुकादमाची गाडी दारात उभी राहिल्यावर या गोष्टींना वेळ राहत नाही.